कौलांपर्यंतची भिंत

माझी बायको पाहुण्यांना सांगते की आमच्या लग्नात बोहल्यावर चढण्याआधी मी मांडवाचा खांब हलवून पाहिला होता. साफ खोटं आहे. खांबाला मी हातही लावला नव्हता. मांडवाच्या सुक्या झावळ्यांखाली आचाऱ्याने चूल मांडली होती, ती मात्र उचलायला लावली. मुलीकडचे चिडले, पंगत उशिरा बसली आणि नवरदेव तापट आहे हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं. बरंच झालं. पुढे फसवणूक झाली असं म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. घर मुरबाडात, कामं मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत, आणि दोन्हींच्या मध्ये मी आणि माझी सायकल. मोऱ्या, विहिरी, शाळा, धान्याची गोदामं, जे मंजूर होईल ते बांधायचं. त्या काळी एक गोष्ट मला सतत खटके. मोरी वाहून गेली तर लोक ओव्हरसियरच्या नावाने शिमगा करत, पण घर जळालं तर नशिबाला बोल लावून मोकळे होत. जणू पाणी सरकारचं आणि आग देवाची.

माझं डोकं याबाबतीत कशामुळे फिरलं तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मुरबाडात आमच्या मागच्या आळीत घरांची एक ओळ जळाली. एका लांब छपराखाली शेजारीशेजारी बिऱ्हाडं आणि मध्ये विटांच्या चांगल्या जाड भिंती. एका टोकाच्या घरात आग लागली आणि लोक घागरी घेऊन धावेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचली. बंब यायचा कल्याणहून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सुदैवाने माणूस कोणी गेलं नाही. राख निवल्यावर मी आत जाऊन हिंडलो, तर मधल्या सगळ्या भिंती शाबूत उभ्या. एकीलाही तडा नव्हता. आग त्यांच्यातून गेलीच नव्हती, त्यांच्या डोक्यावरून गेली होती. भिंती पुरुष-दीड पुरुष उंचीच्या, आणि त्यांच्यावर आढ्यापर्यंत सगळं मोकळं. त्या पोकळीतून वाशावाशाने आग चालत गेली. शेजारी जमलेले लोक दैवाची लीला म्हणत होते. मी तिथेच मोठ्याने म्हणालो की दैव कसलं, भिंत अर्धवट आहे. त्या दिवशी मला कोणी चहा विचारला नाही.

पुढे काही वर्षांनी डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यांच्या मुलांसाठी एक वसतिगृह मंजूर झालं. लोक त्याला बोर्डिंग म्हणत. त्या भागात बहुतेकांना स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या शेतावर भाताची कापणी झाली, दिवाळी झाली, की वीटभट्टीवाल्यांचे ट्रक यायचे आणि घरंच्या घरं वाशिंद-कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जायची. पोरंही बरोबर. पावसाळ्याच्या तोंडाला परत येईपर्यंत मास्तर रिकाम्या शाळेत बसून असायचे. बोर्डिंग ट्रक यायच्या आत उघडलं तर पोरं मागे राहतील, नाही उघडलं तर आणखी एक वर्ष विटा उचलण्यात जाईल. सगळा प्रश्न एवढाच होता, आणि तो पाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होता.

नकाशा ठाण्याहून आला. लांबट इमारत, एका टोकाला स्वयंपाकघर, बाकी सगळी मुलांच्या झोपण्याची खोली, दोन्हींवर एकच कौलारू छप्पर. मध्ये विटांची भिंत दाखवली होती, तीही छतापर्यंतच. छत म्हणजे लाकडी तक्तपोशी. मग खर्चात कपात झाली आणि तक्तपोशी उडाली. भिंत मात्र नकाशात होती तेवढीच राहिली, म्हणजे वर पुन्हा पोकळी. मुरबाडची ओळ मला जशीच्या तशी कागदावर दिसली. फरक इतकाच की इथे त्या पोकळीखाली चाळीस-पन्नास पोरं झोपणार होती.

त्यात सिमेंट परमिटवर, तेही नावापुरतं, आणि वरपर्यंत विटांची गाडी चढेल असा रस्ता नाही. गंमत बघा, ज्यांची माणसं जन्मभर विटा पाडायला जातात त्यांच्याच गावात वीट मिळेना. भिंतीचा खालचा भाग मी दगडात करायचं ठरवलं; दगडाला तोटा नव्हता. पण वरचा तिकोन, आढ्यापर्यंतचा, दगडात चढवला तर त्याचं वजन पेलायला खालची भिंत केवढी जाड करावी लागली असती. तिथे मला हलकं काहीतरी हवं होतं. हलकं म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती लिंपायची, पाड्यावरच्या सगळ्या घरांच्या भिंती तशाच असतात. आता कारवी म्हणजे लाकूडच. आगीसमोर असा कूड किती टिकेल हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कारवी पाहिली असती तर ना!

पुस्तकात नसेल तर स्वतः पाहावं. साइटजवळच्या कातळावर मी पाड्यावरच्या गड्यांकडून छातीएवढ्या उंचीचा कूड उभा करवला, नेहमीसारखा लिंपलेला. त्याच्या पुढे पेटवायला काय लावायचं हा प्रश्नच नव्हता. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. शेण, झाडांच्या सुक्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर रचले की ती आग भडकत नाही, सावकाश आणि खोलवर भाजत जाते. तसा राब मी कुडाला लागून रचायला सांगितला, वरची माती तेवढी वगळून. कुडाच्या मागच्या अंगाला सावरीचा कापूस चिकटवला. कापूस करपला तर कूड नापास.

पहिला कूड नापास झाला. माती पापडासारखी सुटून पडली, कारवी उघडी पडली आणि कापूस काळा झाला. दुसऱ्या वेळी मातीत भाताचं तूस मळून घेतलं, थर दुप्पट जाड दिला, एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवू दिला नाही, आणि वर चुन्याचा हात. राब विझेपर्यंत मी मागच्या बाजूला तळहात टेकून उभा होतो. ऊब लागली, चटका नाही. कापूस पांढरा तो पांढराच. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पुढे बढतीच्या वेळीही झाला नाही. पाड्यावर मात्र सायबाने भिंतीचा राब भाजला, आता तीत भात पेरणार, असं बरेच दिवस चाललं होतं.

माझे वरिष्ठ इंजिनियर जीपने पाहायला आले. सज्जन गृहस्थ, पण नकाशाबाहेर पाऊल टाकताना त्यांना धाप लागायची. त्यांनी विचारलं, नकाशात नसलेली भिंत कशाच्या आधारावर चढवता? मी मुरबाडची गोष्ट सांगितली, कातळावरचा भाजलेला कूड दाखवला आणि मागचा कापूस त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिले. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खिशातलं पेन काढून नकाशावर भिंतीचा तिकोन आखला आणि खाली सही केली. माझ्याइतका हट्टी माणूस त्यांच्या हाताखाली दुसरा नाही, असं म्हणून तेही सही करून गेले. हे त्यांचं मोठेपण. सही करणारे वरिष्ठ मी फार पाहिले नाहीत.

भिंत चढली. छपराच्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, भिंतीपाशीच तोडायच्या, एकही रीप या खोलीतून त्या खोलीत जाऊ द्यायची नाही, असं मी सुताराला बजावलं होतं, आणि ते त्याने कुरकुरत का होईना केलं. वरचा कूड पाड्यावरच्या गड्यांनी लिंपला. ऐन त्या दिवसांत मला मुरबाडकडच्या एका मोरीवर जावं लागलं. परत आलो तो थेट उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याची पानं, आणि बोर्डिंगची स्वयंपाकीण नव्या चुलीवर दूध उतू घालत होती. पाड्यावरचीच बाई, विधवा, बोलायला फटकळ. भट्टीवर जाणारे आईबापही पोरांना घेऊन अंगणात बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता.

मी झोपायच्या खोलीत गेलो आणि वर पाहिलं. कौलांखालून धूर येत होता. निळसर, संथ, भिंतीच्या पूर्ण लांबीभर. शिडी लावून वर चढलो तर कुडाचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, तीही काय सुबक! काठ गोल करून, बोटाने गुळगुळीत करून ठेवलेले. चूक म्हणून राहिलेली फट नव्हती ती, मुद्दाम ठेवलेली होती.

मी खाली उतरलो आणि ओरडायला लागलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, आठवलं असतं तरी लिहिण्यासारखं नव्हतं. कूड लिंपणारा म्हातारा गडी शांतपणे ऐकत होता. त्या डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, त्यात अपमान नसतो.

"सायेब, तूच सांग, धूर कुठं जाईल मंग?" तो म्हणाला. "कुडाचा माथा कोन बंद करतो का? घर गुदमरतं."

आणि त्याचंही बरोबर होतं. पाड्यावरच्या कुठल्याही घरात कूड वरपर्यंत नेत नाहीत. चुलीचा धूर सगळ्या घरावरून फिरतो, वर टांगलेल्या बियाण्याला कीड लागू देत नाही, छपराच्या गवताला वाळवी लागू देत नाही, आणि सावकाश बाहेर पडतो. पिढ्यान्‌पिढ्या तसंच. सायबाच्या हातून एवढी साधी गोष्ट राहून गेली, तर आपण सांभाळून घ्यावी, या चांगुलपणाने त्यांनी माझ्या भिंतीत फट ठेवली होती. वरपर्यंत न्या असं मी सांगितलं होतं. त्यांच्या हिशोबी त्यांनी वरपर्यंतच नेली होती.

स्वयंपाकीण तर कमरेला पदर खोचून उभीच राहिली. वरची फट बुजवली तर सगळा धूर माझ्या डोळ्यांत, पन्नास पोरांच्या भाकऱ्या मी काय चाचपडत भाजू, असा तिचा सवाल होता. मी भिंतीचा विचार केला होता, धुराचा केला नव्हता, आणि धूर काही सही पाहून थांबत नाही.

पण त्या क्षणी प्रश्न तिचाही नव्हता. तुसाच्या मातीचे जाड थर वाळायला दिवस लागतात, ते एका रात्रीत होणारं काम नव्हतं. अंगणातले आईबाप माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्यातली एक बाई, कडेवर तान्हं आणि हाताला सात-आठ वर्षांची मुलगी, पुढे आली.

"उघडतंस का नाय ते सांग," ती म्हणाली. "नाय तर पोर नेतू आमी. सकाळी गाडी हाय."

नाही म्हणालो तर सगळी पोरं उद्या ट्रकात. हो म्हणालो तर पोरं त्या फटीखाली झोपणार. माझे वरिष्ठ तिथे असते तर तारीख पुढे ढकलली असती. पुढारी असते तर फीत कापून मोकळे झाले असते. मी अंगणात एक चक्कर मारली आणि मग मला दिसलं की मी उगाच भिंतीलाच धरून बसलोय. भिंत कशासाठी? चूल आणि पोरं यांच्यामध्ये काहीतरी हवं म्हणून. भिंत पुरी नसेल तर अंतर चालेल.

मी स्वयंपाकघरात गेलो, चूल विझवली, दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. भिंत पुरी होऊन वाळेपर्यंत या छपराखाली काडीसुद्धा पेटायची नाही. स्वयंपाक लांब, मोहाच्या झाडाखाली. पोरं आजपासून खोलीत झोपतील. बाईने एकदा कुलुपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुलीचं बोचकं खाली ठेवलं. सकाळी ट्रक मोठी माणसं आणि तान्ही घेऊन गेला.

फट बुजवायच्या आधी मी स्वयंपाकिणीचं देणं फेडलं. तिच्या बाजूच्या छपरात आढ्याजवळची कौलं उचलून वर एक छोटं टोपीसारखं छप्पर बसवलं, म्हणजे धूर सरळ वर निघून जाईल. भिंत वाळून कुलूप निघाल्यावर ती दोन दिवस चूल पेटवून परीक्षा घेत होती. शेवटी तिने, आता बरं हाय, एवढंच म्हटलं. तिच्याकडून एवढं म्हणजे सोन्याचं कडंच. फट बुजवताना म्हाताऱ्या गड्याला मी शिडीवर बरोबर घेऊन चढलो आणि आम्ही दोघांनी आपापल्या हातांनी तो माथा कौलांना भिडवला. तो काम करताना पुटपुटत होता की हे घर नव्हं, हा रांजण झाला. मी म्हटलं, रांजण तर रांजण.

हे सगळं दिवाळीच्या सुमाराचं. शिमग्याच्या आधी, भर दुपारी, वारा सुटलेला असताना चुलीजवळ रचलेल्या सुक्या काटक्यांनी पेट घेतला. स्वयंपाकीण पाण्याला गेली होती. ती धावत आली तोवर छप्पर पेटलं होतं. बहुतेक मुलं शाळेत होती, पण गोवर आलेली काही मुलं भिंतीच्या पलीकडे अंगात ताप घेऊन पडली होती.

मी त्या दिवशी मुरबाडात होतो. बोर्डिंग जळालं, एवढाच निरोप दुसऱ्या दिवशी माझ्यापर्यंत आला. कोण, किती, कसं, काही नाही. मी सायकल काढली. तो रस्ता मी शेकडो वेळा गेलो होतो, पण त्या दिवशी प्रत्येक चढावर मी मनात पोरं मोजत होतो हे कबूल करतो. सही केली होती ना! सही करताना ऐट असते, तिचा अर्थ अशा रस्त्यावर कळतो.

चढ संपला आणि इमारत दिसली. एक टोक सगळं काळं, छप्पर खाली आलेलं, कौलं फुटून विखुरलेली, मोडके जळके वासे आत पडलेले. आणि तिथून पुढे, भिंतीपासून पुढे, छप्पर लाल. मी सायकल तशीच टाकून आत गेलो. पलीकडच्या बाजूला भिंतीचा चुना पांढरा होता. खुंट्यांवर पोरांची बोचकी लटकत होती. मास्तर सांगत होते की आजारी मुलांना एकेक करून उचलून नेलं, अंथरुणांसकट, धावपळ करायची वेळ आली नाही. शेवटच्या मुलाला उचललं तेव्हा पलीकडे वासे कोसळत होते आणि इकडे खोलीत धुराचा वासही नव्हता. कोणालाही काही झालं नव्हतं. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसलो. आग विझून दिवस लोटला होता तरी दगडांत अजून ऊब होती.

मला त्या भिंतीचा अभिमान आहे आणि वय झालं म्हणून तो मी लपवणार नाही. पुढे पूल बांधले, त्यांच्या कोनशिलांवर इतरांची नावं आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. ही भिंत मात्र माझी.

पण खरी परीक्षा आणखी बाकी होती. बोर्डिंग जळाल्याची बातमी भट्ट्यांवरही पोचली होती, आणि तिकडे पोचेपर्यंत तिला बरंच तिखटमीठ लागलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईबाप आले. रिकाम्या ट्रकातून शहापूरपर्यंत आणि पुढे सगळे पायी. अंगाला विटांची लाल धूळ, डोळे सुजलेले. पोरांना त्यांनी पोटाशी धरलं, हातपाय चाचपले, केसांचा वास घेतला. मग कोणी न सांगता बोचकी खुंट्यांवरून उतरायला लागली. मास्तरांचा चेहरा पडला. एकदा जळालेल्या घरात पोर पुन्हा ठेव असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

दिवाळीला अंगणात मला जाब विचारणारी ती बाई मुलीचं बोचकं काखेला मारून माझ्यासमोर आली आणि आग कुठवर आली होती ते दाखव म्हणाली. मी तिला आधी काळ्या बाजूने नेलं. कोसळलेल्या छपरातून, कौलांच्या तुकड्यांवरून ती अनवाणी चालत गेली, करपलेल्या भिंतीला हात लावून तिने काजळी पाहिली. मग फिरून पांढऱ्या बाजूला. तिथे तिने तळहात भिंतीवर ठेवला, वर कौलांपर्यंत पाहिलं, माथ्याशी कुठे उजेड दिसतो का ते मान वळवून वळवून पाहिलं. दिसत नव्हता. बाकीचे आईबाप दारात गोळा झाले होते.

तिने काखेतलं बोचकं पुन्हा खुंटीला अडकवलं.

"आमच्या भट्टीवर पोरांना येवढी पन भित नाय," ती इतरांना म्हणाली, आणि बाहेर गेली.

दुपारी त्यांनी मोहाखाली पोरांबरोबर भाकरी खाल्ली. ऊन कलल्यावर सगळे उठले आणि आले तसे पायी शहापूरच्या वाटेला लागले. पोरं मागे राहिली, एकूण एक.